शिष्यवृत्तीसाठी भाचीचा पोर्टफोलिओ कसा तयार करून घ्यावा?

आपली भाची अकरावी विज्ञान शाखेत आहे, तिला पदवीसाठी अमेरिकेतील विद्यापीठांत शिष्यवृत्ती मागायची आहे आणि तिच्याजवळ प्रमाणपत्रे फारशी नाहीत, असे आपण लिहिले आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि असे पाच-सहा अर्ज जवळून पाहिले आहेत. प्रमाणपत्रांची चिंता आपण सोडावी, असे माझे मत आहे.

राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्त्यांना पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामाचे नमुने व नोंदी यांचा संच) लागत नाही; तेथे गुणपत्रक आणि दाखले यांवर काम भागते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे मात्र ‘कॉमन ॲप’ हा सामायिक अर्ज घेतात. त्यात जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा असते, पुरस्कारांसाठी ५ जागा आणि मुख्य निबंधासाठी ६५० शब्द मिळतात. म्हणजे जाडजूड फाईल तेथे कोणी चाळत बसणार नाही. त्या १५० अक्षरांत ठोस काही लिहिता यावे, एवढ्यासाठीच पोर्टफोलिओ ठेवायचा.

तासगावकडचा एक विद्यार्थी माझ्याकडे एलिमेंटरी, इंटरमीजिएट, एमएस-सीआयटी आणि सहभागाची डझनभर प्रमाणपत्रे घेऊन आला होता. ती मी पाच मिनिटांत बाजूला ठेवली. नंतर बोलता बोलता कळले, की औषधाच्या दुकानातील उधारीचा हिशेब जुळावा म्हणून तो ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षबागेतील प्रत्येक फवारणी आणि रोजचा पाऊस एका जुन्या डायरीत लिहीत असे. डायरीच्या पानांवर बोर्डो मिश्रणाचे निळसर डाग होते. दावण्या हा द्राक्षावरील बुरशीचा रोग केव्हा येईल याचा त्याने बांधलेला अंदाज पहिल्या हंगामात साफ चुकला, कारण पाने दवानेही ओली राहतात हे त्याने धरलेच नव्हते. दुसऱ्या वर्षी त्याने दवाचा रकाना वाढवला. आम्ही डायरीच्या चार पानांची छायाचित्रे, एक साधा आलेख आणि त्या चुकीविषयी एक पान, एवढेच ठेवले. ‘शेतीची आवड असून वडिलांना मदत करतो’ या त्याच्या पहिल्या वाक्याच्या जागी ‘दोन हंगाम पाऊस व फवारणीची, दुसऱ्या हंगामात दवाचीही रोज नोंद, दावण्याचा अंदाज’ असा मजकूर (अर्थात इंग्रजीत) आला, आणि निबंधही त्या रकान्यावरच झाला.

तेव्हा भाची घरी, शेजारी, शाळेत आज काय करते ते आधी पाहावे आणि त्याची तारीखवार नोंद आजपासून ठेवायला सांगावी. बारावीच्या दिवाळीत घाईने काढलेली ‘सामाजिक संस्था’ मात्र टाळावी. ती लगेच ओळखू येते. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना या नोंदींचे एक पान द्यावे, नाहीतर ‘आज्ञाधारक व कष्टाळू’ यापलीकडे ते काय लिहिणार? निबंधाची वाक्ये तिचीच राहू द्यावीत. मी मुलांना फक्त प्रश्न विचारतो.

तेथील बरीचशी मदत कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि अनेक विद्यापीठे त्यासाठी ‘सीएसएस प्रोफाइल’ हा वेगळा अर्ज मागतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांनाही खर्चाची ऐपत न पाहता प्रवेश देतात. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होऊ शकतो, म्हणून यादी विचारपूर्वक करावी. लवकरच्या फेरीची मुदत बहुधा १ नोव्हेंबरच्या आसपास आणि नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला असते. आयकर विवरणपत्र, बँकेचे उतारे व उत्पन्नाचा दाखला, आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर, हे बारावीच्या गणेशोत्सवापूर्वी हाताशी असावे.