गोगलगायीची पिल्लं

प्रश्न : लेकीने कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) आणलेल्या गोगलगायीने डब्यात अंडी घातली होती. आता मोहरीएवढी पिल्लं निघालीत. खायला काय देऊ? – एक आई, फोंडा

उत्तर : आधी हात आवरा. माझ्या पहिल्या पिल्लांपैकी दोन मी चिमटीत धरून फोडली. शंख कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ होता. सुरुवातीला ती आपल्याच अंड्यांची टरफलं खातात, म्हणून माती उकरू नका. वर आली की काकडीची चकती, दुधीची साल द्या. तांबडी भाजी (लाल माठ) नको, तिच्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवतं. आणि शंखाला हवं तेच! त्यासाठी समुद्रफेनाचा, म्हणजे माकुळाच्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा कायम ठेवा, मिरामारच्या वाळूत सापडला तर गोड्या पाण्यात भिजवून खारटपणा घालवा. नाहीतर कोंबडीच्या अंड्याचं कवच उकळून, कुटून.

माती ओलसर हवी, चिखल नको. झाकणाला सुईने भोकं पाडा. मोठ्या भोकांतून माझी निम्मी पिल्लं फडताळात पोचली होती.

लेकीला प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायला लावा, गोगलगायींत माणसाला बाधणारे जंत असू शकतात. मोठी आफ्रिकन गोगलगाय असेल तर जास्तीची पिल्लं कुळागरात मुळीच सोडू नका. सुपारीवाले शेजारी बोलणं टाकतील.