प्रश्न आपला, टेबल कुणाचं?

या वेळच्या टपालात समलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या समान हक्कांसाठी आपापल्या भागात धडपडणाऱ्या वाचकांची पत्रं बरीच आहेत. तक्रार साधारण एकच: कोर्टाचा निकाल लागून वर्षं झाली, पण खिडकीवरच्या माणसाला त्याचा पत्ता नाही. म्हणून या खेपेला घटनेच्या कलमांपेक्षा कचेरीच्या कामकाजावर जास्त लिहिलं आहे.

आम्ही दोघी मुलुंडला सहा वर्षं एकत्र राहतो. एका रेशन कार्डावर दोघींची नावं घालता येतात असं वाचलं. रेशनिंग ऑफिसात विचारलं तर ‘असं काही नसतं’ म्हणाले. खरं काय?

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. मात्र अशा जोडप्यांच्या रोजच्या अडचणी पाहायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू, हे केंद्राचं आश्वासन त्यात नोंदवलं गेलं. त्यातून २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले समजावं.

पण खिडकीवरचा कारकून दिल्लीचं पत्र वाचून काम करत नाही. त्याला राज्याच्या विभागाचं परिपत्रक लागतं, आणि तेही त्याच्या साहेबाच्या सहीनं खाली आलेलं. त्याच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. अर्ज लेखी द्या, सोबत केंद्राच्या पत्राची प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी मागा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही, लेखी नकारावर येतं. अर्ज शिधावाटप अधिकाऱ्याच्या नावे करा आणि प्रती परिमंडळाचे उपनियंत्रक, शिधावाटप नियंत्रक आणि मंत्रालयातला अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग यांना पाठवा.

अर्ज करण्याआधी मात्र घरी बसून थोडा हिशेब करा, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. तुमचं नाव आईवडिलांच्या कार्डावर असेल तर आधी ते कमी केल्याचा दाखला लागतो, आणि तो त्या कार्डावरून निघतो. म्हणजे माहेरी कळणारच. घरी अजून सांगितलं नसेल तर हा कागद तुमच्या वतीनं सांगून मोकळा होईल. दुसरं उत्पन्नाचं. एक कार्ड म्हणजे एक कुटुंब आणि एकत्र उत्पन्न. केशरी कार्डाची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये आहे, आणि शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी (अन्न सुरक्षा कायद्यात स्वस्त धान्य मिळणाऱ्या) ५९,००० रुपये. दोघींचा पगार एकत्र धरल्यावर पांढरं कार्ड होऊन धान्य बंद होणार असेल तर हा हक्क बजावायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा. एका बाबतीत तुमचं सोपं आहे: अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १३ नुसार घरातली सर्वांत मोठी प्रौढ स्त्री कुटुंबप्रमुख असते, त्यामुळे प्रमुख कोण यावर चर्चाच नको. ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ या रकान्यात ‘जोडीदार’ लिहा. ‘बहीण’ किंवा ‘मैत्रीण’ लिहून काम उरकायचा सल्ला खिडकीवर मिळेल, तो घेऊ नका. खोटी नोंद पुढे विम्यात, बँकेत, इस्पितळात आडवी येते.

निवेदन देऊन तीन महिने झाले. ‘फाइल वर गेली आहे’ एवढंच उत्तर मिळतं. पाठपुरावा कसा करावा? (वाचक, चेंबूर)

‘वर’ म्हणजे कुठल्या टेबलावर, हे आधी शोधा. राज्यात दप्तर दिरंगाईविरुद्ध २००५ चा कायदा आहे. त्यानुसार सर्वसाधारण फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त राहू नये. या कायद्याचा नुसता उल्लेख असलेलं स्मरणपत्रही पुष्कळदा फाइल हलवतं.

नाही हलली तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तरासाठी ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टँपवर पहिलं अपील. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा ‘आमच्याकडे नाही’ म्हणून परत पाठवू देऊ नका.

अर्ज फुकट जातात ते भाषेमुळे. ‘समलिंगी जोडप्यांवर अन्याय का होतो?’ हा प्रश्न झाला, माहिती नव्हे, आणि जन माहिती अधिकारी तसं लिहून मोकळा होतो. कागद मागा: ‘समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानण्याबाबत केंद्र शासनाकडून २०२४ मध्ये आलेल्या पत्राची प्रत, त्यावरील टिपण्या आणि त्याआधारे क्षेत्रीय कार्यालयांना दिलेल्या सूचनांच्या प्रती द्याव्यात.’ एवढं पुरे. सूचना निघाल्याच नसतील तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर येईल, आणि आमदाराकडे न्यायला याहून चांगला कागद नाही.

अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर करू नका. हा हक्क नागरिकाचा आहे, या सबबीखाली तो फेटाळतात. व्यक्तीच्या नावानं करा. माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही, त्यामुळे ज्याला स्वतःची ओळख उघड करायची नाही त्याच्यासाठी कुणीही मित्र अर्जदार होऊ शकतो.

आमच्या आमदारांना भेटायचं आहे. काय मागावं? (युवक गट, कांदिवली)

लग्न मागू नका. मागणी चूक म्हणून नव्हे, टेबल चुकतं म्हणून. विवाह हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीतला विषय असला तरी केंद्राच्या कायद्याच्या विरोधात जाणाऱ्या राज्याच्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी लागते. विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये मांडलं, ते लोकसभेत. विधानसभेचा सदस्य तुम्हाला ‘बघू’ म्हणेल आणि विषय तिथेच संपेल.

राज्याच्या अखत्यारीत पोलीस आहेत, सार्वजनिक इस्पितळं आहेत, सहकारी संस्था आहेत, रेशन आहे, शासकीय नोकरभरतीचे नियम आहेत. यातलं एक निवडा. पोलिसांचं उदाहरण घ्या: तमिळनाडूनं २०२२ मध्ये पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच अशी तरतूद घातली की एलजीबीटी व्यक्तींना किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना पोलिसांनी त्रास देऊ नये. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही, सेवानियमांत बदल केला. ‘महाराष्ट्राच्या गृह विभागानं असाच बदल करावा’ ही मागणी एका पानात मावते, आणि आमदाराला अधिवेशनात विचारताही येते. नोकरभरतीत तर राज्याचाच दाखला आहे. पोलीस भरतीच्या अर्जात पारलिंगी उमेदवारांसाठी पर्याय नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणानं तो द्यायला सांगितला, सरकार उच्च न्यायालयात गेलं, आणि डिसेंबरात न्यायालयानं फटकारल्यावर तरतूद करायला तयार झालं.

वेळ महत्त्वाची. अधिवेशनं तीन: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना बरीच आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावू नका. निदान दीड महिना आधी जा. आमदारांपेक्षा त्यांच्या पीएला विषय समजावणं जास्त कामाचं, कारण प्रश्न तोच लिहितो. त्याला प्रश्नाचा तयार मसुदा द्या, सोबत माहिती अधिकारात मिळालेला कागद. आणि त्या मतदारसंघात राहणारे दहा मतदार बरोबर न्या. शहरभरातून गोळा केलेल्या पन्नास कार्यकर्त्यांपेक्षा हे दहा जड पडतात.

मंत्रालयातला एक घोळ आधीच माहीत असू द्या. तृतीयपंथीयांचा विषय सामाजिक न्याय विभागाकडे आहे. समलिंगी स्त्री-पुरुषांच्या प्रश्नाला मात्र असं हक्काचं टेबल नाही, म्हणून ‘एलजीबीटी हक्कांबाबत’ असा विषय लिहिलेलं निवेदन या विभागातून त्या विभागात फिरत राहतं. विषयाच्या ओळीत ‘पोलीस सेवानियमांत दुरुस्ती’ किंवा ‘शिधापत्रिका’ लिहा. मग टपाल शाखेला ते कुठे पाठवायचं ते कळतं.

सोसायटीची कमिटी म्हणते, ‘दोन पुरुषांना फ्लॅट भाड्यानं द्यायला आमची परवानगी नाही.’ (घरमालक, बोरिवली)

परवानगी तुम्हाला मागायचीच नाही. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांची नमुना नियमावली) सभासदानं लीव्ह अँड लायसन्सवर घर देताना सोसायटीला ८ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची असते. भाडेकरू कोण असावा हे कमिटी ठरवत नाही. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. कळवल्याची पोच ठेवा, करार नोंदवा, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या. तरीही अडवलं तर तुमच्या वॉर्डाच्या सहकारी संस्था उपनिबंधकाकडे तक्रार करा. ती घरमालक या नात्यानं तुम्हीच करायची आहे, कारण सभासद तुम्ही आहात, भाडेकरू नव्हे.

घरमालकच नाही म्हणाला तर? पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याचं कलम ३ आहे, त्यात घर भाड्यानं घेण्यात भेदभावाला मनाई आहे. समलिंगी भाडेकरूला खासगी घरमालकाविरुद्ध असं कलम हाताशी नाही. हे कटू आहे, पण भाडेकरूंना खोटी आशा लावून पुढे ढकलू नका.

मुलाला ‘बरं करतो’ म्हणून एका डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्या आहेत. तक्रार कुठे? (पालक, दादर)

डॉक्टरशी बोलल्याशिवाय गोळ्या एकदम थांबवू नका, काही औषधं अचानक बंद केली तर त्रास होतो. दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. समलैंगिकता हा आजार नाही, त्यामुळे ‘उपचार’ हा शब्दच इथे गैरलागू आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या परिषदांना कळवलं आहे की असे तथाकथित उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करा. चिठ्ठ्या, पावत्या, मेसेज, भेटीच्या तारखा जपून ठेवा आणि मूळ कागद हातचे सोडू नका. ‘तो डॉक्टर वाईट आहे’ यावर परिषद काही करू शकत नाही. चिठ्ठीवर काय लिहिलं आणि काय सांगून दिलं, यावर करू शकते. समुपदेशक एमबीबीएस नसेल तर मात्र ही परिषद त्याला हात लावू शकत नाही. मुलगा सज्ञान असेल तर तक्रारीवर सही त्याची हवी, आणि निर्णयही त्याचाच.

जोडीदार इस्पितळात असताना मला ‘नातेवाईक’ मानत नाहीत. (वाचक, परळ)

आयसीयूच्या संमतीबाबत समलिंगी जोडीदाराला सरसकट हक्क देणारा कायदा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ नुसार मानसिक उपचारांसाठी जोडीदाराला प्रतिनिधी नेमता येतं. साध्या कागदावर सही करून दिलं तरी चालतं. इतर उपचारांसाठी नोटरी केलेलं संमतिपत्र आधीच करून ठेवा, आणि दाखल होताना फॉर्मवर ‘संपर्कासाठी व्यक्ती’ म्हणून रुग्णानं स्वतः तुमचं नाव लिहावं. मृत्यूनंतर जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना कळवलं आहे. पालिकेच्या केईएम, सायन, नायर अशा मोठ्या इस्पितळांत ते पत्र वॉर्डापर्यंत पोचवायचं असेल तर अधिष्ठात्यांकडे (डीन) एकच मागणी करा: याबाबत कार्यालयीन आदेश काढून त्याची प्रत कॅज्युअल्टी आणि शवागारात लावावी. रात्री दोन वाजता तिथे अधिष्ठाते नसतात, भिंतीवरचा कागद असतो.

बँकेचंही जाता जाता: संयुक्त खातं आणि नॉमिनी या दोन्हीसाठी अडकाठी नाही, असं वित्तीय सेवा विभागानं २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, मालकी कायदेशीर वारसांची राहते. मृत्युपत्र वेगळं करा, साक्षीदार दोन, आणि त्यांत लाभार्थी नको.

आमच्या भागात छोटी सभा घ्यायची आहे. परवानगी कुणाची? (गट, घाटकोपर)

रस्त्यावर असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज करा. मुंबईत पाच किंवा त्याहून जास्त जणांच्या जमावाला मनाई करणारे आदेश पोलीस वरचेवर काढतात. बंद सभागृहातली संस्थेची बैठक त्यातून बहुधा वगळलेली असते, तरी त्या तारखेचा आदेश वाचून घ्या. मंडप किंवा स्टेज असेल तर वॉर्ड ऑफिस, रस्ता अडणार असेल तर वाहतूक पोलीस, आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. इस्पितळ, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असेल तर तिथे तो लावता येत नाही, तेव्हा जागा ठरवण्याआधी टेप घेऊन अंतर मोजा. २००८ साली ऑगस्ट क्रांती मैदानातून पहिला क्वीअर आझादी मार्च निघाला तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम कायम होतं. तुमच्या अर्जात निदान गुन्ह्याचा प्रश्न नाही. विषय ‘समान हक्कांबाबत जनजागृती सभा’ असा लिहा आणि जबाबदार व्यक्ती म्हणून दोघांची नावं व फोन द्या, पण ज्यांच्या घरी माहीत आहे अशांचीच. खातरजमा करायला हवालदार घरी येतो.