जुन्या फ्रेंच टी-सेटला नव्याने चांदी चढवायला टाकण्याआधी (जरा मोठं उत्तर आहे)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. लिऑंच्या ब्रोकांतमध्ये (जुन्या वस्तूंच्या बाजारात) मिळालेला चार नगांचा सेट, टीपॉट, कॉफीपॉट, साखरेचं भांडं आणि दुधाचा जग, पोटावरची चांदी उडून पिवळं दिसतंय, म्हणून नव्याने चांदी चढवून दिवाळीत पुण्याला आईकडे न्यायचा असं तुम्ही लिहिलंय. हेच, अगदी हेच मी नऊ वर्षांपूर्वी केलं होतं आणि त्या सेटमधला कॉफीपॉट कायमचा घालवला. म्हणून सांगते, आत्ता तुमचा सेट कुठेही चांदी चढवायला देऊ नका.

तुम्ही 84 आकड्याबद्दल विचारलंय त्याचं आधी उरकते. सोबतच्या चमच्यांवर 84 आहे म्हणजे 84 टक्के चांदी नव्हे, 12 चमचे आणि 12 काटे मिळून 84 ग्रॅम चांदी चढवलीये असा त्याचा अर्थ. फ्रान्समध्ये अस्सल चांदीवर कारागिराचा ठसा शंकरपाळीच्या आकारात असतो आणि सोबत शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा या रोमन देवीचं डोकं (हे 1838 पासून), मुलाम्याच्या भांड्यावर ठसा चौकोनी. तुमच्या फोटोत चौकोन स्वच्छ दिसतोय, तेव्हा मुलामाच आहे. खाली पिवळं म्हणजे पितळ, करडट पांढरं दिसलं असतं तर आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते. त्यात फसवलं गेल्यासारखं वाटून घेऊ नका. क्रिस्तोफ्ल या फ्रेंच कंपनीने 1842 मध्ये विजेने मुलामा देण्याचे हक्क घेतले आणि पुढे सम्राट तिसऱ्या नेपोलियनने स्वतःच्या मेजवानीच्या टेबलासाठी मुलाम्याचंच काम करून घेतलं. 1871 मध्ये त्विलरी राजवाडा जळाला तेव्हा ढिगाऱ्यातून निघालेली ती टेबलावरची सजावट आज पॅरिसच्या म्युझे दे झार देकोरातिफ या म्युझियममध्ये आहे, जमलं तर बघून या.

आता माझं. माझ्या सेटचा कॉफीपॉट उंच, तीन पायांचा, तोटी वरच्या बाजूला (कॉफीचा चोथा तळाशी राहावा म्हणून ती वर असते, टीपॉटची खाली असते आणि तिच्या मुळाशी आतून भोकं पाडलेली जाळी असते). पोटावर वेलीच्या मधोमध दोन अक्षरांचा मोनोग्राम कोरलेला, इतका बारीक की खिडकीपाशी तिरका धरला की एक अक्षर दुसऱ्यात गुंफलेलं दिसायचं. आई तेव्हा इथे आली होती, ती रोज दुपारी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत बसायची, कोणाच्या लग्नातला असेल गं हा, म्हणायची. तर मला वाटलं ती परत जायच्या आत चकाचक करून द्यावा. एका वर्कशॉपमध्ये गेले, नाव घेत नाही, आणि काउंटरवर एकच वाक्य बोलले, एकदम नव्यासारखं करून द्या. हीच चूक. दुसरं काही विचारलं नाही, काही लिहून घेतलं नाही, 380 युरो भरले आणि घरी आले.

नव्यासारखं करायचं म्हणजे आधी जुनी चांदी उतरवतात, मग चरे आणि पोचे जाईपर्यंत फिरत्या बफवर (पॉलिशच्या चाकावर) घासतात, मग चांदी चढवतात. तो बफ वरची चांदी खातो तसा खालचं पितळही खातो. सहा आठवड्यांनी भांडं हातात आलं तेव्हा आरशासारखं चमकत होतं आणि मोनोग्राम जवळजवळ गेला होता, वेलीच्या पानांच्या शिरा गेल्या होत्या. कोरीवकाम परत येत नाही हो. चांदी पन्नास वेळा चढवता येते.

आणि दुसरं, जे मला माहीतच नव्हतं. दांडा भांड्याला जिथे मिळतो तिथे वर आणि खाली जेमतेम तीन-चार मिलिमीटरची पांढरट चकती असते, तुमच्या तिसऱ्या फोटोत दिसतेय. दांडा तापू नये म्हणून ती घालतात, आणि जुन्या चांगल्या सेटमध्ये ती बऱ्याचदा हस्तिदंताची असते. ती बारीक पिनांनी अडकवलेली असते, पिना काढून दांडा वेगळा करायचा आणि मगच भांडं रसायनांच्या टाकीत घालायचं. त्या वर्कशॉपवाल्यांनी दांडा न काढता अख्खं भांडं आधी तेल काढायच्या गरम अल्कलीत, मग ॲसिडमध्ये बुडवलं. हस्तिदंत त्यात टिकत नाही. घरी आल्यावर मी कॉफी ओतायला उचललं तर खालची चकती ओल्या खडूसारखी भुगा होऊन टेबलावर पडली आणि दांडा खळखळायला लागला. परत घेऊन गेले तर म्हणे नैसर्गिक मटेरियलची जबाबदारी आम्ही घेत नाही, बिलावर छापलंय. छापलं होतं, मागच्या बाजूला. मी दोन वेळा गेले, एकदा पत्र पाठवलं, साधं सॉरी आलं नाही. शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने रेझिनची चकती बसवून दिली, पण आईने तो पॉट नंतर हातात घेतला नाही. मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा द्यायचंच असेल तर आधी लेखी घ्या: दांडे काढणार का, बफ करणार की नुसतं हाताने पॉलिश, कोरीवकामाला हात लावणार का. उत्तर टाळलं तर सरळ बाहेर पडा. पण माझं मत विचाराल तर देऊच नका. पोटावर आणि झाकणाच्या गोंड्यावर चांदी विरलीये ती शंभर वर्षांच्या हातांनी, त्यात लाज कसली? (मी काही एक्स्पर्ट नाही, आतून चांदी पूर्ण गेली असेल तर वापरण्याबद्दल जाणकाराला दाखवा, आणि कॉफी तासन्‌तास भरून ठेवू नका.)

पुण्याला न्यायच्या आधी चकती कशाची आहे ते नक्की करा, हे फार महत्त्वाचं. भिंगातून बारीक काळे ठिपके दिसले तर बहुधा हाड, कापलेल्या बाजूला एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसल्या तर हस्तिदंत. गरम सुई टोचून बघा असं कोणी सांगेल, अजिबात करू नका. हस्तिदंत असेल तर बॅगेत टाकून निघू नका, कितीही छोटा तुकडा असला तरी. भारतात 1991 च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकन हस्तिदंताचाही व्यापार बंद आहे, आणि युरोपातून बाहेर न्यायचे नियम 2022 पासून आणखी कडक झालेत. माझे उरलेले तीन नग त्याच कारणाने इथेच आहेत. कायद्याचं मी सांगते ते अंतिम धरू नका, दोन्ही देशांच्या अधिकृत ऑफिसात लेखी विचारा.

साफ करायला टूथपेस्ट, चिंच, रांगोळी, पितळ घासायची पावडर काही नको, मुलामा पातळ असतो. इथे दुकानात ब्लाँ द म्युदों म्हणून खडूची पूड मिळते, ती पाण्यात कालवून जुन्या सुती कापडाने हलक्या हाताने, आणि लगेच कोरडं करा. कपाटात मऊ सुती कापडात ठेवा, लोकर आणि रबरबँड जवळ नको, काळं पडतं. आणि आपला चहा गॅसवर पातेल्यातच उकळा, मग गाळून पॉटमध्ये ओता. टीपॉट गॅसवर चढवला तर तोटीचा आणि पायांचा कथलाचा जोड सुटतो, माझ्या नणंदेच्या टीपॉटचा एक पाय असाच गेला.

दांड्याच्या खालच्या जोडाचा जवळून एक फोटो टाका, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. बघून सांगते.