तर्जनी नसलेला चेंडूफेक्या

प्रश्न : यंत्रमागावर तर्जनी गमावलेला माझा भाचा पार्क मैदानावर पुन्हा गोलंदाजी करू लागला आहे. बोट नसतानाही गाजलेल्या अमेरिकी बेसबॉलपटूविषयी सांगावे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपण विचारता तो खेळाडू म्हणजे मॉर्डेकाय ब्राउन (१८७६–१९४८). इंडियाना राज्यात लहानपणी वैरण कापण्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची तर्जनी गेली आणि पुढे पडल्यामुळे मोडलेली इतर बोटे वाकडीच जुळून आली. पण त्याच वेड्यावाकड्या पकडीतून सुटणारा चेंडू फलंदाजापाशी येताच अचानक खाली वळत असे. कोळशाच्या खाणीत काम केलेला हा तरुण १९०३ मध्ये व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर उतरला. शिकागो कब्ज संघाकडून १९०६ च्या हंगामात, क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे गेलेल्या धावा वगळता, नऊ डावांमागे त्याने सरासरी अवघ्या १.०४ धावा दिल्या, आणि मला हीच त्याची सर्वांत थोर कामगिरी वाटते. १९०७ व १९०८ मध्ये त्याचा संघ विश्वविजेता ठरला. १९१६ पर्यंत त्याच्या नावावर २३९ विजय जमा झाले. आपल्या भाच्याने मधल्या बोटाच्या आधारे चेंडू धरून पाहावा. ब्राउनच्या हातातही मुख्य भार त्याच बोटावर होता.