प्रश्न तुमचे: तिप्पट फंड आणि परीक्षेची अट

प्रश्न : मी अमेरिकेत नोकरी करतो. नॅस्डॅक-१०० या शेअर निर्देशांकाच्या रोजच्या चढउताराच्या तिप्पट चालणारा फंड बराच काळ बाळगून आहे आणि सध्या नफ्यात आहे. असे फंड घेण्याआधी ग्राहकाला ते कळतात का हे तपासावं, अशी कल्पना फिन्राने २०२२ मध्ये मांडली होती. पैसा माझा, जोखीम माझी. सरकारने मध्ये का पडावं?

उत्तर : आधी एक दुरुस्ती. फिन्रा म्हणजे सरकार नव्हे. ती ब्रोकर कंपन्यांची स्वनियामक संस्था आहे आणि तिच्यावर देखरेख सेकची, म्हणजे अमेरिकेच्या रोखे आयोगाची. आणि तुमच्यासारखेच चिडलेले हजारो लोक तेव्हा पत्रं लिहून बसले होते, तेव्हा एकटं वाटून घेऊ नका.

तुम्ही नफ्यात आहात याचं मला नवल नाही. निर्देशांक सलग दोन दिवस १०-१० टक्के वाढला तर १०० चे १२१ होतात, तिप्पट फंडात मात्र १६९. साध्या तिपटीने १६३ च झाले असते. सरळ चढणाऱ्या बाजारात हे फंड आश्वासनापेक्षा जास्त देतात. गोम आहे ती हेलकाव्यांत. निर्देशांक १०० वरून ११० ला गेला आणि दुसऱ्या दिवशी परत १०० वर आला, तर तुमच्या फंडाचे आधी १३० होतील आणि मग सुमारे ९४.५. निर्देशांक जागच्या जागी, तुमचे साडेपाच गेले. कारण तिप्पट हे वचन फक्त एका दिवसापुरतं असतं. रोज संध्याकाळी हिशेब नव्याने मांडला जातो. फिन्राने २००९ मध्येच ब्रोकरांना बजावलं होतं की एका दिवसापेक्षा जास्त काळ ठेवणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराला हे फंड सहसा योग्य नसतात.

ब्रोकर कंपनीच्या कम्प्लायन्स, म्हणजे नियमपालन विभागात मी बरीच वर्षं काढली. तिथे मला कायम खटकायचं ते हे : ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याचे हक्क, घ्यायचे तर ग्राहकाचं उत्पन्न, अनुभव, उद्दिष्ट विचारून खातं मंजूर करावं लागतं; तिप्पट फंड मात्र साध्या शेअरसारखा एका क्लिकवर. सेकने २०१९ मध्ये तशीच छाननी या फंडांसाठी सुचवली होती, पण २०२० च्या अंतिम नियमातून ती वगळली. त्याऐवजी फंडाच्या जोखमीवर मर्यादा घातली. त्यामुळे नवा तिप्पट फंड काढणं अवघड झालं, पण आधीपासूनचे चालू राहिले. तुमचा त्यातलाच. ब्रोकरने शिफारस केली तर ग्राहकाचं हित पाहायची जबाबदारी त्याच्यावर येते. तुम्ही स्वतःच बटण दाबलंत तर कुणी विचारणार नाही.

बंदी घालावी असं मला वाटत नाही. संपत्तीची अटही मला पटत नाही. दक्षिण कोरियाने २०२० मध्ये असे फंड घेणाऱ्यांसाठी १ कोटी वॉनची ठेव आणि ऑनलाइन प्रशिक्षण अशा दोन्ही अटी जाहीर केल्या. प्रशिक्षण समजू शकतं. पण खात्यात पैसे आहेत म्हणून गणित येतं असं थोडंच आहे? त्यापेक्षा ग्राहकाला वर दिलेलं ९४.५ चं उदाहरण विचारा, उत्तर आलं की सोडा. पाच मिनिटांचं काम. तुम्ही इतका काळ हा फंड बाळगलाय, तुम्हाला ते जड जाऊ नये.

प्रश्न : बाजार पडेल असं वाटतंय. इन्व्हर्स, म्हणजे निर्देशांकाच्या रोज उलट चालणारा फंड घेऊन तीन महिने ठेवला तर?

उत्तर : अंदाज बरोबर येऊनही पैसे जाऊ शकतात. मुद्दाम टोकाचे आकडे घेते : निर्देशांक एका दिवसात १०० वरून ८०, दुसऱ्या दिवशी ९८. म्हणजे बाजार २ टक्के पडला, तुमचं भाकीत खरं. उलटा फंड मात्र १२० होऊन ९३ वर येतो. एकपट इन्व्हर्स म्हणून तो सौम्य समजू नका. हेलकाव्यांत तो दुप्पट फंडाइतकाच झिजतो. ५ फेब्रुवारी २०१८ ला शेअर बाजारात किती हेलकावे अपेक्षित आहेत ते दाखवणारा अस्थिरता निर्देशांक एका दिवसात दुपटीहून वर गेला, तेव्हा त्याच्या उलट चालणारं एक्सआयव्ही नावाचं रोखं जवळपास संपलं आणि त्याच महिन्यात गुंडाळलं गेलं. तीन महिन्यांची भीती असेल तर शेअर थोडे विकून रोकड ठेवा. त्याला रोजचा हिशेब लागत नाही.