तुरुंगाजवळ ड्रोन उडवायचाय? आधी हे वाचा

ड्रोनच्या ॲपच्या नकाशावर लाल पट्टा (उड्डाणबंदीची खूण) दिसत नाही म्हणजे उडवायला मोकळीक आहे, असं कृपया धरून चालू नका. त्या नकाशात बरेच तुरुंग नसतातच. विमान वाहतूक खात्याचा अधिकृत नकाशा त्याच दिवशी सकाळी पाहा. नियम देशागणिक वेगळे आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 25 जानेवारी 2024 पासून बंदिस्त तुरुंगांच्या 400 मीटर परिसरात परवानगीशिवाय ड्रोन नेता येत नाही. अमेरिकेत अनेक संघीय तुरुंगांवर जमिनीपासून 400 फुटांपर्यंत बंदी आहे. अंतर मोजताना बाहेरच्या भिंतीपासून मोजा, मधल्या इमारतीपासून नाही.

नवखे बहुतेक फसतात ते 'रिटर्न टू होम'मध्ये, म्हणजे ड्रोन आपोआप टेकऑफच्या जागी परतण्याच्या सोयीत. सिग्नल तुटला की ड्रोन सहसा सरळ रेषेत परततो, मग मध्ये तुरुंगाचं आवार असलं तरी. म्हणून टेकऑफची जागा आणि चित्रीकरणाची जागा भिंतीच्या एकाच बाजूला ठेवा. वारा तुरुंगाच्या दिशेने असेल तर सरळ बेत रद्द करा.

आणि कायद्यात बसलं तरी झूम आवरा. आतल्या माणसाला कॅमेऱ्यापासून बाजूला होता येत नाही. भेटीच्या रांगेतल्या बायकामुलांनाही नाही. शिवाय तुमचा ड्रोन आणि अमली पदार्थ टाकणारा ड्रोन पहाऱ्यावरून सारखेच दिसतात. संशय आला की कैद्यांना कोठडीत परत नेतात, त्यांची मोकळ्या हवेतली वेळ जाते. बातमीसाठी दृश्य हवंच असेल तर प्रशासनाकडून लेखी परवानगी घ्या. चेहरे ओळखू येणारं फुटेज प्रसिद्ध करू नका.