‘प्रारब्ध बदलणे’ आणि ‘भूतकाळ पुन्हा जगणे’ : दोन प्रयोगांविषयी

लातूर जिल्ह्यातील एक वाचक सध्या एकांकिका लिहीत आहेत आणि तिच्यातील दोन वाक्यांबद्दल त्यांनी शंका विचारली आहे. एकांकिकेतील म्हातारीला 29 सप्टेंबर 1993 ची रात्र, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाआधीची गणेशविसर्जनाची रात्र, पुन्हा मिळते आणि माळवदाच्या घरात झोपलेल्या आपल्या माणसांना बाहेर काढण्याची ती धडपड करते. ‘मला तो भूतकाळ पुन्हा जगायचा आहे’ आणि ‘मला माझं प्रारब्ध बदलायचं आहे’ ही तिची वाक्ये आहेत. दिग्दर्शकांच्या मते दुसऱ्या वाक्यात ‘नशीब’ हवे, तर लेखकाला ‘प्रारब्ध’ अधिक वजनदार वाटते. शिवाय पहिले वाक्य मराठी वळणाचे आहे का, असाही त्यांचा प्रश्न आहे.

दुसऱ्या वाक्याबाबत दिग्दर्शकांचे म्हणणे मला बरोबर वाटते, मात्र ‘प्रारब्ध’ जड शब्द आहे म्हणून नव्हे. दैववाचक शब्दांचे नेमके अर्थ कोशापेक्षा त्यांच्या सोबत येणाऱ्या क्रियापदांतून अधिक स्पष्ट होतात. नशीब उघडते, फळफळते, फुटते, ते आजमावता येते आणि चांगल्या घरी पडलेल्या मुलीने ते ‘काढले’ असेही आपण म्हणतो. अर्थात बोलणाऱ्याच्या मनात नशीब ही हलणारी, पालटणारी गोष्ट असते. प्रारब्ध मात्र भोगावे लागते, ओढवते, चुकत नाही. विधिलिखित टळत नाही. नियती तर बहुधा वाक्यात कर्त्याच्याच जागी बसते: ती घाला घालते, तिच्या मनात काही असते. तेव्हा ‘बदलणे’ या क्रियापदाला कर्म म्हणून नशीब सहज चालते आणि प्रारब्ध अडखळते.

हे अडखळणे शब्दाच्या घडणीतच आहे. ‘प्र’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागून ‘रभ्’ धातूपासून ‘प्रारब्ध’ हे भूतकालवाचक धातुसाधित झाले आहे. ‘प्रारंभ’ त्याच धातूचा. म्हणजे प्रारब्ध याचा सरळ अर्थ ‘ज्याला सुरुवात होऊन चुकली आहे ते’ असा. वेदान्ताच्या परिभाषेत साठलेले कर्म ते संचित, त्यातील ज्या भागाने फळ द्यायला आरंभ केला आहे ते प्रारब्ध आणि आत्ता हातून घडत असलेले ते क्रियमाण. धनुष्यातून सुटलेला बाण आपला वेग संपेपर्यंत जातोच, हा प्रारब्धासाठीचा तेथील प्रसिद्ध दृष्टांत. जालना जिल्ह्यातील जांब येथे 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी मनाच्या अकराव्या श्लोकात ‘मना त्वांचि रे पूर्वसंचीत केलें । तयासारिखें भोगणें प्राप्त झालें’ असे म्हटले, तेव्हा ‘संचित’ आणि ‘भोगणे’ ही जोडी त्यांनी त्याच परिभाषेतून घेतली होती. संचिताला ‘केले’ आणि त्याच्या फळाला ‘भोगणे’ ही क्रियापदांची वाटणी किती काटेकोर आहे, ते पाहण्याजोगे आहे.

येथेच आपल्या एकांकिकेचा पेच सुरू होतो आणि तो मला फार मोलाचा वाटतो. शास्त्रार्थाने प्रारब्ध मागील जन्मांचे असते, पण व्यवहारात आपण याच जन्मातील जुन्या निर्णयांच्या परिणामांनाही प्रारब्ध म्हणतो, आणि तो व्यवहारातला अर्थ धरला तर मागे गेलेल्या माणसाच्या बाबतीत शब्दांची अदलाबदल होते: 1993 नंतरच्या वर्षांत म्हातारीने जे प्रारब्ध म्हणून भोगले, तेच त्या रात्री पुन्हा उभी राहिल्यावर तिच्यापुढे क्रियमाण होऊन येते. बाण अजून सुटलेला नसतो. म्हणून ती प्रारब्ध बदलत नाही, ते प्रारब्ध होण्याआधी गाठते. ‘प्रारब्ध’ हा शब्द ठेवायचाच असेल, तर तो वर्तमानात परतल्यावर, हरलेपणाच्या क्षणी तिच्या तोंडी द्यावा. त्या रात्रीच्या प्रवेशात तो नको.

याच कुळातील ‘प्राक्तन’ हा शब्दही आपण विचारात घ्यावा. ‘पुरातन’, ‘अद्यतन’ यांत जो कालवाचक ‘तन’ आहे, तोच ‘प्राक्’ म्हणजे ‘पूर्वी’ या शब्दाला लागला आहे. प्राक्तन म्हणजे मुळात नुसते ‘पूर्वीचे’. दैव हा अर्थ त्याला नंतर चिकटला. भूतकाळ आणि दैव यांना एकच नाव असावे, हे आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. तरीही म्हातारीच्या बोलण्यात तो पुस्तकी वाटेल. निवेदकाच्या तोंडी मात्र शोभेल.

‘नशीब’ परका म्हणून टाळावा, ही लेखकाच्या पत्रात डोकावणारी शंका मला पटत नाही. तो अरबी ‘नसीब’पासून फारसीमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘वाटा, हिस्सा’. ‘किस्मत’ही वाटणीच्याच अर्थाची. आता आपला ‘भाग्य’ पाहा: तो ‘भाग’ शब्दाशी जोडलेला, म्हणजे पुन्हा वाटाच. आणि अस्सल मराठीत आपण ‘हे माझ्या वाट्याला आले’ असे म्हणतो. नशीब हा शब्द साऱ्या महाराष्ट्राचा आहे. परंतु 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या मराठवाड्यात उर्दू ही कारभाराची आणि शिक्षणाची भाषा असल्यामुळे किस्मत, तकदीर हे त्याचे सोबतीही येथील जुन्या माणसांच्या कानांना परके नाहीत. लातूरकडच्या म्हातारीने ‘नशीब’ म्हणणे हेच तिच्या भाषेशी इमान राखणे होय.

तिच्या तोंडी आणखी एक शब्द सहज येईल: सटवाई. बाळाच्या पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात, काही घरांत कोरा कागद आणि लेखणीही ठेवतात, कारण त्या रात्री सटवाई कपाळावर लेख लिहून जाते अशी समजूत आहे. सटवाईच्या स्वतःच्या मुलीची एक लोककथाही सांगतात. आईने आपल्या कपाळी काय लिहिले ते ती हट्टाने विचारते, आपल्याच मुलाशी लग्न होणार असे कळल्यावर तो लेख चुकवण्यासाठी पुरुषाचे तोंडही न पाहता रानात राहते, आणि तरीही घडायचे ते घडतेच. ही कथा लिखिताविषयी बोलते, प्रारब्धाविषयी नाही, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. लेख दुसऱ्या कोणी लिहिलेला असतो, त्यात मुलीच्या कृतीचा हिशेब नसतो. प्रारब्धात तो असतो. किल्लारी परिसरात जीव गेले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची मातीची जड छपरे कोसळल्यामुळे, लोक झोपेत असताना, पहाटे 4 च्या सुमारास. त्याला ‘तुमचे प्रारब्ध’ म्हटले तर दोष मेलेल्यांच्या कर्मावर जातो. म्हातारीकडून तो शब्द नकळत उच्चारला जाऊ नये, हे माझ्या आग्रहाचे खरे कारण आहे.

आता पहिले वाक्य. ‘जगणे’ हे मराठीत अकर्मक क्रियापद आहे. ‘ती सुखाचे आयुष्य जगली’ यात ‘आयुष्य’ आले, तरी क्रियापद ‘ती’लाच जुळते, ‘तिने आयुष्य जगले’ असे आपण म्हणत नाही. ‘भोगणे’, ‘काढणे’, ‘अनुभवणे’ ही सकर्मक आहेत: तिने ते दिवस भोगले, काढले, अनुभवले. ‘आयुष्य जगणे’ रूढ असल्यामुळे ‘तो दिवस पुन्हा जगले’ हेही आज खपून जाते आणि मी त्याला चूक म्हणणार नाही. पण ‘भूतकाळ जगणे’ बोजड आहे, कारण ‘भूतकाळ’ हा व्याकरणाच्या आणि इतिहासाच्या पुस्तकातला शब्द आहे. म्हातारी रात्र मागेल, भूतकाळ मागणार नाही.

आणि मागे जाऊन घडलेले पालटण्याची सोय मराठीने क्रियापदाच्या रूपातच करून ठेवली आहे. व्याकरणकार क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानतात. ‘पाऊस वेळेवर पडला असता, तर पीक हाती आले असते’ हा संकेतार्थ. घडले नाही ते घडल्याचे धरून त्याचा परिणाम सांगणारा. माझ्या मते म्हातारीची सारी इच्छा या अर्थात मावते, आणि प्रवेश रंगवताना लेखकांनी एक गोष्ट साधावी: ती वर्तमानात असेपर्यंत संकेतार्थात बोलेल, ‘म्या कुणालाच आत निजू दिलं नसतं’, आणि ती रात्र खरोखर परत मिळताच आज्ञार्थावर येईल, ‘उठा, भाईर निजा’. दैववाचक एकही शब्द न वापरता काळ पालटल्याचे प्रेक्षकांना कळेल.

म्हणून मी सुचवीन ती वाक्ये अशी: पहिल्याच्या जागी ‘मला ती रात परत पायजे’ आणि दुसऱ्याच्या जागी ‘मला माझ्या लेकरांचं नशीब पालटायचंय’. ‘माझं’च्या जागी ‘लेकरांचं’ हा बदल भाषेसाठी नाही, पात्रासाठी आहे. तो लेखकांना नको असेल तर मूळ रूप ठेवावे.

छापील संहितेसाठी शुद्धलेखनाचे थोडे. ‘नशीब’ यातील ‘शी’ दीर्घ, पण प्रत्यय लागताना ‘नशिबात’, ‘नशिबाला’ असा ऱ्हस्व. ‘नियती’ एकटी असताना शेवटचा स्वर दीर्घ, समासात ‘नियतिवाद’. ‘विधिलिखित’ यातील सर्व इकार ऱ्हस्व.